माळावरचा मूळ भाडेकरू

१९७६ साली अक्षय तृतीयेच्या सकाळी आमच्या घरमालकांच्या ओसरीवर पाचशे एक रुपयांचा विसार दिला-घेतला गेला. देणारे स्टेशनजवळचे एक लॉजवाले. घेणारे घरमालक. हजर होते लॉजवाल्यांचे वकील, मालकांच्या पत्नी आक्का आणि साक्षीदार म्हणून मी. बार्शी रस्त्याला, नान्नजच्या बाजूला मालकांचा वडिलोपार्जित माळ होता. पंधरा एकर, गवताशिवाय काही न देणारा. तो लॉजवाल्यांनी दहा वर्षांच्या कराराने घेतला होता. वर्षाला अडीच हजार रुपये. तिथे ते विश्रामधाम काढणार होते. विसाराचा नियम आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. देणारा फिरला तर रक्कम बुडाली, घेणारा फिरला तर दुप्पट परत.

नोटा मी मोजल्या. मालक पैशाला हात लावत नसत. पैसे हातात घेतले की माणूस कबूल झाला असं कोर्ट धरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आक्कांकडे बोट दाखवलं आणि आक्कांनी नोटा पदराच्या गाठीत बांधल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्या दिवशी मी मालकांच्या बाजूने साक्षीदार म्हणून सही केली, त्या दिवशी त्यांनीच माझ्यावर घातलेल्या दाव्याला नववं वर्ष चालू होतं.

आमची इमारत सोलापुरात, पेठेत होती. दोन मजले, वर पत्रे, सात बिऱ्हाडं. माझ्याकडे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भाडं महिना अठरा रुपये. मालकांनी माझ्यावर दावा केला तो पुतण्याच्या लग्नासाठी जागा हवी म्हणून. पुतण्याचं लग्न दावा दाखल झाल्यावर तीन महिन्यांतच झालं आणि तो हुबळीला नोकरीला गेला. त्याला तीन मुलं झाली. दाव्यात मात्र तो अजून लग्नाचाच होता.

दर महिन्याच्या एक तारखेला मी अठरा रुपये घेऊन खाली जायचो. मालक झोपाळ्यावर बसलेले असायचे. मान वर न करता विचारायचे, "कोण?"

"मी. वरच्या मजल्यावरचा."

"कशासाठी आलात?"

"भाडं द्यायला."

"कशाचं भाडं? मी तुम्हाला ओळखत नाही."

मग मी पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायचो. चार दिवसांनी पोस्टमन ती घेऊन मालकांकडे यायचा. मालक त्याला चहा पाजायचे आणि 'घेण्यास नकार' असं लिहून घ्यायचे. पैसे माझ्याकडे परत आले की मी ते कोर्टात भरायचो. मालकांचा हेतू साधा होता. मी कधीतरी कंटाळेन, भाडं थकेल, आणि थकबाकीदार म्हणून मला बाहेर काढता येईल. मी एका गिरणीच्या हिशेब खात्यात होतो. असा कंटाळा मला येत नसे.

एवढं होऊन त्याच संध्याकाळी खालून हाक यायची. "अहो हिशेबनीस, या की खाली! डाव मांडलाय." आम्ही सोंगट्या खेळायचो. आक्का शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आणून ठेवायच्या.

तारखेला आम्ही एकाच टांग्यातून कोर्टात जात असू. वादी उजवीकडे, प्रतिवादी डावीकडे, मध्ये आक्कांनी दिलेला डबा. टांग्याचे पैसे निम्मे निम्मे. माझ्या वकिलांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बरं दिसत नाही. निदान परत येताना तरी वेगळे या." मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या वकिलाला विचारा, दुसऱ्या टांग्याचं भाडं तो देणार का?" एका तारखेला मला ताप होता. तेव्हा मालकांनी स्वतः न्यायाधीशांपुढे उभं राहून पुढची तारीख मागितली. म्हणाले, "साहेब, प्रतिवादी खरंच आजारी आहे. मी सकाळीच काढा देऊन आलोय."

पत्र्यांची गोष्ट निराळी. ते चारी बाजूंनी गळत. पावसाळ्यात आमच्या घरात तीन पातेली आणि एक बादली ठरलेल्या जागी मांडलेली असायची. मी दुरुस्तीचं काढलं की मालक म्हणत, "दुरुस्ती केली की तुम्ही सुखानं राहणार. मग मी दावा कुणासाठी चालवू?" यात नुसता खाष्टपणा होता असं म्हणता येत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या मागच्या पडवीतल्या देवघरातही गळायचं. आक्का देवांवर छत्री उघडून पूजा करायच्या आणि तोंडाने मंत्राच्या मध्ये मध्ये नवऱ्याचा उद्धार करायच्या. सात बिऱ्हाडांचं सगळं भाडं मिळालं असतं तरी नवे पत्रे बसले नसते, ही गोष्टही खरी. मी तो हिशेब करून पाहिला होता.

मालकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आत कोण हाय ते आधी बघा." आयुष्यभर भाडेकरूंशी झगडून त्यांना कळलेलं सगळं शहाणपण त्यात होतं. मालकी कुणाची हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम. आत कोण आहे, हा खरा. हे वाक्य ते कुठेही वापरायचे. बसमध्ये जागेवर रुमाल टाकणाऱ्याला, न्हाणीघराचं दार ठोठावणाऱ्याला, मंडईत वांगी निवडताना, एवढंच काय, मुलीचं स्थळ बघायला निघालेल्या शेजाऱ्यालासुद्धा. रागावले की ते कानडीत जात. "नोड्री," म्हणजे बघा हो, असं म्हणून बोट वर केलं, की पुढे आत कोण आहे ते बघायचं आहे हे आम्ही ओळखायचो.

माळावरच्या भाडेकरूची आणि त्यांची पहिली भेट मी पाहिलेली आहे. मोठा दुष्काळ सरून पाऊस लागला त्या वर्षी. गवत बरं आलं होतं आणि त्याचा लिलाव करायचा होता. मालक मला हिशेबाला घेऊन गेले. रस्त्यावर उतरून आम्ही माळाकडे वळलो आणि मालक थांबले. लांब, माळाच्या मधोमध कोणीतरी उभं होतं. पांढरा सदरा, काळी टोपी, ताठ मान.

"कोण हाय रे तिकडं?" मालक ओरडले. "कुणाला विचारून शिरलास? नीघ माझ्या जागेतनं!"

समोरच्याने ऐकलं नाही. तो एकदा वळला आणि एकेक पाऊल टाकत, घाई न करता चालू लागला. मालकांचा पारा चढला. छत्री उगारून ते गवतातून पळत निघाले. मी मागे. बरंच जवळ गेल्यावर त्या गृहस्थांनी पंख उघडले. एवढे मोठे पंख मी तोवर पाहिले नव्हते. जड अंगाने ते वर उचलले गेले आणि ओढ्याच्या पलीकडे जाऊन पुन्हा उतरले. माळढोक होता. तिकडच्या गावांत त्याला हूम म्हणतात, कारण पावसाळ्यात नर तसा आवाज काढतो. फार दूरवर जातो तो आवाज.

मालक धापा टाकत उभे राहिले. मला वाटलं ओशाळले असतील. ते म्हणाले, "चालण्यावरनंच ओळखलं होतं मी. भाडेकरू हाय."

पक्ष्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. साळुंकीला ते चिमणी म्हणत. पण पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा तो तिथेच होता. त्याच्या पुढच्या वर्षीही. "बघा, वहिवाट झाली की नाही?" मालक म्हणाले. हूम असा आवाज आला की कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "तक्रार करतोय. गळतंय म्हणत असेल."

मग १९७६ साल आलं आणि लॉजवाले आले.

लॉजवाले म्हणजे उमदा माणूस. नुकसान सोसायचा, पण मोठ्याने हसून सोसायचा. विश्रामधामाचं रंगीत चित्र त्यांनी मुंबईहून काढून आणलं होतं. बारा खोल्या, जेवणघर, निळ्या पाण्याचा पोहण्याचा हौद, सभोवती दोनशे नीलगिरीची झाडं आणि झाडाझाडांतून दिव्यांच्या माळा. ते म्हणत, "सोलापूरचा माणूस सावलीसाठी महाबळेश्वरला जातोय. त्याला महाबळेश्वर हितंच देऊ. हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात पोहणं. नुसता ओसाड पडलाय माळ. त्याचं सोनं होईल."

आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं, हे मी लिहून ठेवतो. माळावर झाडं लावायची म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्या काळी शाळेतल्या मुलांपासून मंत्र्यांपर्यंत जो तो मोकळी जागा दिसली की झाड लावत होता. शिवाय आक्कांनी विसाराच्या पैशांतून दुसऱ्याच आठवड्यात नवे पत्रे आणवले. ते अंगणात थप्पी लावून ठेवले होते. उरलेले पत्रे आणि मजुरी कब्जा दिल्यावर मिळणाऱ्या बाकी दोनेक हजारांतून. येता-जाता इमारतीतली सगळी माणसं त्या थप्पीवर हात फिरवून जायची. माझी बायकोसुद्धा.

कब्जा द्यायचा दिवस श्रावणात ठरला, कारण लॉजवाल्यांना पावसातच झाडं लावून घ्यायची होती. लॉजवाले, त्यांचे वकील, मालक आणि मी असे त्यांच्या जीपमधून निघालो. आक्काही धपाट्यांचा डबा घेऊन आल्या. "काय देऊन बसलाय ते एकदा बघते तरी," म्हणाल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याचा माळ त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पाऊस उघडला होता आणि ऊन कडक पडलं होतं. गवंडी आधीच आलेला होता. दोरी लावून, चुन्याची फक्की मारत तो जेवणघराचा पाया आखत होता. आखता आखता तो मध्येच थांबला.

"मालक, हितं अंडं हाय की."

आम्ही जाऊन पाहिलं. गवताच्या दोन झुबक्यांमध्ये उघड्या जमिनीवर एकच अंडं होतं. मोठं, मातकट हिरवं. खाली ना काडी ना पान. आणि थोड्या अंतरावर मादी उभी होती. आमच्याकडे पाठ करून, जणू या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही.

"एवढंच ना?" लॉजवाले म्हणाले. "उचल आणि ठेव तिकडं बांधाला."

"म्या न्हाय हात लावणार," गवंडी म्हणाला. "तुमीच उचला."

लॉजवाले वाकले. तेवढ्यात मालकांचं बोट वर गेलं.

"नोड्री! आत कोण हाय ते आधी बघा म्हणून मी सांगतोय ना सगळ्यांना?"

"मालक, पाखरू हाय ते!"

"पाखरू असंल. पण आत हाय."

आक्कांनी आभाळाकडे बघितलं. जीपच्या टपावर दोन कावळे येऊन बसले होते. "तुमचं काय ते भांडण तिकडं रस्त्यावर जाऊन करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हितनं हलल्याबिगर ती बया यायची नाही. अंडं उन्हात हाय." मग मालकांनी आम्हा सगळ्यांना हाकलत जीपपाशी आणलं, गवंड्यालासुद्धा. कावळ्यांना त्यांनी छत्रीने उडवलं.

आणि त्या जीपपाशी, भर उन्हात, कोर्ट भरलं. दुसरा शब्द नाही.

"जागा तुमची हाय का त्या पाखराची?" लॉजवाल्यांनी विचारलं.

"जागा माझी. कब्जा तिचा. ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कळायला मला नऊ वर्षं आणि दोन वकील लागले."

वकीलसाहेब पुढे झाले. "मालक, तुम्ही रिकामा माळ द्यायचं कबूल केलंय."

"मी केलंय की. तिनं कुठं केलंय?" मग माझ्याकडे वळून, "हिशेबनीस, तुम्ही बोला तिच्या बाजूनं. तुम्हाला सवय हाय."

माझी पंचाईत झाली. डोळ्यांसमोर अंगणातली पत्र्यांची थप्पी होती, घरातली तीन पातेली आणि एक बादली होती. मी गप्प बसलो असतो तर पंधरा दिवसांत डोक्यावर कोरडं छप्पर आलं असतं. पण मला विचारलं होतं आणि मला जे माहीत होतं ते सांगणं भाग होतं. मी म्हणालो की भाडेकरू जुना आहे. दरवर्षी त्याच जागी राहतो. घरात लहान मूल आहे, निदान व्हायचं आहे. दुसरी सोयीची जागा दिल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. आणि मालकाला जागा नुसती हवी असून भागत नाही, त्याची गरज भाडेकरूच्या गरजेपेक्षा मोठी आहे असं दाखवावं लागतं.

मालक आनंदाने मांडीवर थापा मारत होते. "ऐका! माझ्याविरुद्ध हेच बोलला होता. शब्द न् शब्द! ह्या माणसाला मला हलवता आलं नाही, तर तिला तुम्ही काय हलवणार?"

"बांधाला दुसरी जागा देतोच की," लॉजवाले म्हणाले.

"झाडांखाली? हिनं समोरून येणारा कुत्रा बघायचा कसा? हिला उघडं लागतं. मी बघतोय की चार वर्षं. एक बाभूळ हाय माळावर, तिच्याजवळसुद्धा फिरकत नाही."

हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. चित्रातली दोनशे नीलगिरीची झाडं मला एकदम निराळी दिसू लागली.

पण वकीलसाहेब वकील होते. ते हसून म्हणाले, "ठीक आहे. भाडेकरू म्हणता ना? मग भाडं कुठे आहे? एवढ्या वर्षांत हिने एक पैसा दिलेला नाही. थकबाकीदार भाडेकरूला कायदा संरक्षण देत नाही, मालक. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

मालकांचं हसू गेलं. थकबाकी हा शब्द त्यांचा स्वतःचा होता. त्याच एका शब्दात मला पकडण्यासाठी त्यांनी नऊ वर्षं घालवली होती. ते छत्रीच्या टोकाने मातीत रेघा ओढत राहिले. वकीलसाहेबांनी गवंड्याला मान हलवून खूण केली आणि गवंड्याने नाइलाजाने दोरी उचलली.

मी खिशात हात घातला आणि एक रुपया काढला.

"मालक, माळावरच्या भाडेकरूच्या वतीने चालू वर्षाचं भाडं. मागची बाकी तुम्ही कधी मागितलीच नाही, तेव्हा ती थकली असं होत नाही."

मी हात पुढे केला आणि मालकांचा हात झटकन पाठीमागे गेला.

"मनीऑर्डरनं पाठवा!"

ते त्यांनी मुद्दाम केलं नाही. नऊ वर्षांची सवय. मी रुपया धरून उभा, ते हात पाठीमागे बांधून उभे. वकीलसाहेब तोंड फिरवून हसत होते. भाडं घेतलं नाही तर भाडेकरू नाही. भाडं घेतलं तर त्यांनी जन्मात कुणाला न दिलेली कबुली त्या मादीला दिल्यासारखं होतं, तेही साक्षीदारांसमोर.

"घ्या की!" आक्का कडाडल्या. "तिकडं अंडं शिजायलंय!"

मालकांनी हात पुढे आणला. आगटीतलं तापलेलं कणीस धरावं तसा दोन बोटांत तो रुपया धरला. वकीलसाहेबांनी पावती मागितली. मालकांनी आयुष्यात पावतीपुस्तक छापलं नव्हतं. शेवटी लॉजवाल्यांच्या सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला मी मजकूर लिहिला, 'माळाचे भाडे रुपये एक रोख पावले,' आणि मालकांनी जीपच्या बॉनेटवर पाकीट ठेवून सही केली. सही करताना त्यांचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा झाला होता.

आता लॉजवाल्यांचं हसणं थांबलं. "मग माझा विसार दुप्पट परत करा," ते म्हणाले. "एक हजार दोन. आजच."

"देतो," मालक म्हणाले. मग म्हणाले, "पत्रे विकतो."

मी आक्कांकडे बघितलं नाही, कारण देवांवर छत्री त्याच धरत होत्या. त्यांनी शांतपणे डबा उघडला. लॉजवाल्यांच्या हातावर एक धपाटं आणि चटणी ठेवली, आणि विचारलं, "काय हो, तुमची गिऱ्हाइकं हितं हुरडा खायला येणार ना?"

"व्हय आक्का. मुख्य धंदा तोच."

"हुरडा श्रावणात खातात व्हय?"

लॉजवाल्यांचा घास तोंडात राहिला.

"मार्गशीर्ष लागल्याशिवाय कणसात दाणा भरत नाही," आक्का म्हणाल्या. "तवर हिचं पिल्लू चालायला लागलेलं असतंय. तुम्हाला जागा थंडीची पाहिजे, हिला पावसाची. मग भांडताय कशाला? आणि हुरड्याला खोल्या कशाला? आगटीला छप्पर असतंय का कुठं? आत्ता झाडं लावून सावली करा, आन् पौषातल्या थंडीत माणसं उन्हाला कुठं बसवणार, हौदात?"

गवंडी पहिल्यांदा हसला. मग लॉजवाले. मग, बऱ्याच उशिराने, वकीलसाहेब.

पुढची घासाघीस तिथेच झाली. मार्गशीर्ष ते होळी, रस्त्याकडेच्या तीन एकरांत राहुट्या ठोकायच्या. पक्कं बांधकाम नाही, झाड नाही, दिव्यांच्या माळा नाहीत. होळीनंतर खुंटीसुद्धा राहता कामा नये. भाडं वर्षाला नऊशे. विसाराचे पाचशे एक त्यातून वजा, बाकी तीनशे नव्याण्णव तिथेच आक्कांच्या पदरात. मालकांनी करारात शब्द घालायला लावले ते असे, की लॉजवाले हे पोटभाडेकरू असून मूळ भाडेकरूला त्यांनी त्रास देऊ नये. वकीलसाहेबांनी तो कागद शुद्ध करून दिला, पण ती ओळ लिहिताना त्यांची लेखणी दोनदा अडली.

हे चाललं असताना मादी कधी परतून बसली ते कळलं नाही. निघताना गवताच्या वर तिची मान तेवढी दिसली.

राहुट्या बऱ्या चालल्या. लॉजवाल्यांनी पहिल्याच हिवाळ्यात ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी लावली. मालक सोलापुराहून बसने गेले आणि त्याची तार काढून खिशात घालून घेऊन आले. "मूळ भाडेकरूची तक्रार आली," म्हणाले. गंमत म्हणजे लोक हुरड्याबरोबर लांबून पक्षी बघायलाही येऊ लागले. दिसला तर लॉजवाले छाती फुगवून सांगत, "आमचे मालक हायत ते. आम्ही त्यांचे पोटभाडेकरू." कुणाला कळायचं नाही, तरी माणसं हसायची.

पहिल्या वर्षीच्या नऊशे रुपयांत इमारतीचं अर्ध्याहून थोडं जास्त छप्पर झालं, पुढच्या वर्षीच्या नऊशांत बाकीचं बहुतेक. देवघर कोरडं झालं. सहा बिऱ्हाडं कोरडी झाली. माझ्या खोल्यांवरचे पत्रे तेवढे राहिले. मी विचारलं तर मालक म्हणाले, "तुमच्यावर दावा चालू हाय. तुमचं छप्पर दुरुस्त केलं तर मी तुम्हाला भाडेकरू मानलं असा अर्थ निघंल. मग काय राहिलं?"

"माळावरच्या भाडेकरूला मानलंत ना?"

"ती कुठं माझ्याविरुद्ध कोर्टात गेलीय?"

दरवर्षी श्रावणात मी एकोणीस रुपये घेऊन खाली जायचो. आधी रुपया पुढे करायचो. मालक तो दोन बोटांत धरून बंडीच्या आतल्या खिशात टाकायचे आणि विचारायचे, "बरा हाय का?" मी सांगायचो बरा आहे, किंवा या वर्षी अजून दिसला नाही. मग मी अठरा पुढे करायचो. ते मान खाली घालून म्हणायचे, "कशाचं भाडं? मी तुम्हाला ओळखत नाही."

१९७९ च्या उन्हाळ्यात मालक गेले. दावा तसाच होता. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसलो होतो तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "तारीख कधी हाय?" मी सांगितली. म्हणाले, "टांगा तुम्ही सांगा. ह्या वेळी माझं काही जमत नाही."

त्या वर्षी श्रावणात मी एकोणीस रुपये घेऊन खाली गेलो. आक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या, मालकांच्या जागी नाही, शेजारी. मी रुपया पुढे केला. त्यांनी तो घेतला, पदराच्या गाठीत बांधला आणि विचारलं, "बरा हाय का?"

"परवा नान्नजहून लॉजवाले आले होते. मादी बसलीय म्हणाले."

मग मी अठरा रुपये पुढे केले. मला वाटलं होतं की आता हे संपेल. आक्कांनी नोटांकडे पाहिलं, झोपाळ्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"कशाचं भाडं?" त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला ओळखत नाही." मग डोळे पुसून हुबळीहून आलेल्या पुतण्याच्या बायकोला आत हाक मारली, "अगं, हिशेबनीस आलेत. चहा टाक."

चहा घेऊन मी पोस्टात गेलो. मनीऑर्डर चार दिवसांनी परत आली.

शेवटी दिलं ते असं. एक रुपया आक्कांना, माळावरच्या भाडेकरूच्या वतीने. अठरा रुपये कोर्टात, माझ्या स्वतःच्या नावाने.